मदत हवी आहे: रेडिएटरचे दोन्ही पंखे फिरत नाहीत, रिले बदलूनही तेच

उभा_सारथी
सिग्नलला गाडी दोन-तीन मिनिटं उभी राहिली की तापमानाचा काटा चढायला लागतो. रस्ता मोकळा मिळाला की परत मधोमध. बोनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरमागचे दोन्ही पंखे ढिम्म. फ्यूज पाहिला, चांगला आहे. रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) नवीन टाकला, काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो मोटरी गेल्या, पूर्ण असेंब्ली बदला. दोन्ही मोटरी एकाच वेळी कशा जातील? परवा आईला घेऊन लांब जायचं आहे. काय बघू ते लवकर सांगा.

कॉपरवायर
गाडी कोणती, कोणत्या वर्षाची? एसी लावल्यावर पंखे फिरतात का? फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहिला की मीटर लावून? कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) किती आहे? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.

घाटवळण
थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका. माझ्या जुन्या गाडीचा असाच काटा चढायचा. थर्मोस्टॅट काढला त्याला सात वर्षं झाली, परत कधी गरम झाली नाही.

फीलरगेज
कृपया असं करू नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तो अडकला असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती, उलट जास्तच. यांची फक्त उभी असताना तापते. म्हणजे पाणी फिरतंय, हवा मिळत नाही. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन गार चालेल, पेट्रोल जास्त जाईल आणि पंखे बंद ते बंदच राहतील.

घाटवळण
सात वर्षांचा अनुभव सांगतोय, ऐकीव नाही.

फीलरगेज
अनुभव खरा असेल, पण तुमच्या गाडीचा बिघाड वेगळा होता. तुमचे पंखे फिरत होते का?

घाटवळण
हो, फिरत होते.

हिरवा_थेंब
कुलंटचा रंग बघून कधी घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हे नुसते रंग आहेत, आतलं रसायन वेगळं असू शकतं. दोन जाती मिसळल्या तर गाळ धरण्याची भीती असते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच घ्या. तयार मिसळलेला नसेल तर बहुतेक ठिकाणी निम्मा कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

उभा_सारथी
कुलंटचं विचारलंच नव्हतं, पातळी बरोबर आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची. एसी लावला तरी पंखे फिरत नाहीत. फ्यूज डोळ्यांनीच पाहिला, तार तुटलेली नाही. आता नेमकं काय करू?

कॉपरवायर
फ्यूजवर मीटर लावाच, केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. मग इंजिन चालू करून कुलंट टेम्परेचर सेन्सरचा कपलर (तारांचा प्लग) काढा. बहुतेक गाड्यांत सेन्सरचा सिग्नल तुटला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खबरदारी म्हणून पंखे लावतो. हात आणि बाही पंख्यापासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. रिले टक् वाजतो का ते ऐका. नंतर इंजिन बंद करून पंख्याचा कपलर काढा आणि बॅटरीवरून दोन जाड तारांनी मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. मोटर जिवंत आहे की नाही ते तिथेच कळेल.

हवेशीर
इतकं कशाला? बॅटरीवरून एक तार ओढा, डॅशबोर्डवर बटण लावा, काटा चढला की दाबा. मी असंच चालवतो.

फीलरगेज
एक दिवस बटण दाबायचं राहिलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं समजा. शिवाय एकेक मोटर १० ते २० अँपिअर ओढते. ते साध्या बटणातून आणि बारीक तारेतून गेलं तर वायरिंग पेटेल. घरातल्या माणसांना घेऊन निघालेल्या माणसाला हे सुचवू नये.

हवेशीर
मी जाड तार वापरली आहे आणि मध्ये फ्यूजही आहे.

फीलरगेज
तेवढं केलंत ते चांगलं. पण वर तसं लिहिलं नव्हतं, आणि वाचणारा लिहिलेलंच करतो.

शांत_इंजिन
दादा, दुरुस्त होईपर्यंत एक लक्षात ठेवा. गर्दीत अडकलात तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावा, त्याचा छोटा रेडिएटर बरीच उष्णता बाहेर काढतो. काटा लालवर गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत साधारण १ बारचा दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या भावाचा हात असाच भाजला होता.

उभा_सारथी
करून पाहिलं. फ्यूज मीटरवरही चांगला. सेन्सरचा कपलर काढला की रिले टक् वाजतो, पंखे नाहीत. बॅटरीवरून थेट दिलं तर दोन्ही मस्त फिरले! म्हणजे मोटरी चांगल्या आहेत. पण पंख्याचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांत मीटर लावलं तर १२.३ व्होल्ट येतात. वीज येते, मोटर चांगली, तरी फिरत नाही. डोकं चालेनासं झालंय.

कॉपरवायर
तुम्ही अगदी जवळ आला आहात. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून जेमतेम टेकलेला जोडही त्याला १२ व्होल्ट दाखवतो. मोटरने दहा-पंधरा अँपिअर मागितले की तोच जोड हात वर करतो. मीटरऐवजी जुन्या हेडलाईटचा बल्ब लावून बघा, मिणमिणला तर समजा. मग कपलर परत जोडा, पंखे लागायला हवेत अशी वेळ आणा आणि मीटरचं एक टोक पंख्याच्या काळ्या तारेवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग (वीज बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट) खराब.

पान्याची_पेटी
मध्येच विचारते, गाडीचं पुढचं काही काम झालं होतं का?

उभा_सारथी
हो ताई, दीड महिन्यापूर्वी बंपर आणि डाव्या बाजूचं रंगकाम झालं. तेव्हापासून डावा हेडलाईटही मंद आहे. त्याचा पंख्याशी काय संबंध?

पान्याची_पेटी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हेडलाईट आणि पंख्यांची अर्थ तार बऱ्याच गाड्यांत एकाच बोल्टला असते. डाव्या हेडलाईटखाली बघा.

उभा_सारथी
सापडलं! काळ्या तारेवर १०.८ व्होल्ट दाखवत होतं. डाव्या हेडलाईटखाली दहाच्या पान्याचा बोल्ट, त्याखाली एकावर एक दोन काळ्या तारांचे गोल लग (टोकाच्या धातूच्या कड्या). बोल्ट घट्टच होता, म्हणून वरून काहीच कळत नव्हतं. काढला तर लगखाली पत्रा नव्हताच, नवा कोरा चकचकीत रंग होता. रंग वाळल्यावर तसाच वर बोल्ट आवळलेला. कडेला टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग होता, सगळा करंट तेवढ्यातून जायला बघत होता. बॅटरीचं मायनस काढलं, पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, लग घासले, आवळून वरून ग्रीस लावलं. आता तीच तार ०.२ दाखवते. गाडी उभी ठेवून वाट पाहिली. काटा मधल्याच्या जरा वर गेला, टक् झालं आणि दोन्ही पंखे एकदम सुरू झाले. काटा खाली आल्यावर आपोआप बंद. हेडलाईटही लखलखीत. कॉपरवायर, ताई, मनापासून आभार. असेंब्ली बदलली असती तरी तिची तार याच बोल्टला गेली असती.

कॉपरवायर
छान. निघण्याआधी अर्धा तास उभी ठेवून पंखे तीन-चार वेळा चालू-बंद होताना बघा, आणि बोल्ट तापतो का ते इंजिन बंद करून बोटाने तपासा.

लांबचा_पल्ला
माझं उलट आहे. चावी काढली तरी पंखा रात्रभर फिरतो, सकाळी बॅटरी झोपलेली. काय असेल?

पान्याची_पेटी
रिले उपटून बघा. पंखा थांबला तर बहुधा रिलेचे पॉइंट आतून चिकटलेत, बदला. नाही थांबला तर वेगळा धागा काढा, आणि गाडीचं याआधी काय काय काम झालंय ते सगळं लिहा.