मास कम्युनिकेशनच्या पदवीला साडेअकरा लाख: द्यावेत का?

छापखानेवाला_कराड

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

कराडात माझा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल मशीन होतं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची. आता बहुतेक धंदा फ्लेक्सचा. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, आप्पांना भावपूर्ण श्रद्धांजली. तेव्हा 'कम्युनिकेशन' हा आमचाही पिढीजात धंदाच म्हणायचा.

मुलगी यंदा बारावी झाली. कॉमर्स, ७८ टक्के. तिला मास कम्युनिकेशन करायचंय. आदळआपट नाही, पण तिचं ठरलंय. दोन वर्षं झाली, गावोगावचे प्रश्न घेऊन मोबाईलवर छोटे व्हिडिओ करते. पाणंद रस्त्यावर केलेला एक तर तहसील कचेरीत पोचला आणि मला फोन आला. त्यामुळे पोरीत धमक आहे का, हा माझा प्रश्न नाही.

पुण्यातलं एक खाजगी विद्यापीठ बघून आलो. स्टुडिओ बघून तिच्याआधी मीच हरखलो. फी वर्षाला पावणेतीन लाख, होस्टेल-मेसचे एक लाख दहा हजार. तीन वर्षांचे साडेअकरा लाख झाले, लॅपटॉप-कॅमेरा वेगळा. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स." त्यातला 'असिस्टन्स' मला परतीच्या एस्टीत शिरवळच्या पुढे ऐकू आला.

दुसरा पर्याय मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीचा, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनच्या बी.ए.चा. माझी बहीण डोंबिवलीला असते. एका कॉलेजनं वर्षाची फी ३८ हजार सांगितली. तिसरा, इथंच बी.ए. करायचं आणि मग पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता.

माझ्याकडे डिझाईन करणारा पोरगा बारावी नापास आहे. कोरल ड्रॉवर त्याचा हात बघत राहावा असा चालतो. त्याला मी महिना २२ हजार देतो. परवा बायकोनं जेवताना विचारलं, "मग साडेअकरा लाखांत आपण नक्की काय विकत घेणार?" मी भाकरी मोडत बसलो.

कुणी या क्षेत्रातलं असेल तर खरं खरं सांगा.

---

डेस्कवरून_सुटका

दादा, मी बीएमएमची, २०१०–१३ ची बॅच. बीएमएम म्हणजेच आताचं बीएएमएमसी, २०१९ मध्ये नाव बदललं. मूळची चिपळूणची, कॉलेज ठाण्यात.

वहिनींचा प्रश्न एकदम बरोबर आहे. पण तुमच्या डिझाईनवाल्या पोराशी तुलना करू नका, कारण तो हाताचं काम विकतो आणि तुमच्या पोरीला ते करायचंच नाहीये. तिची तुलना माझ्याशी करा.

मला पहिली नोकरी २०१३ मध्ये एका मराठी दैनिकात लागली. उपसंपादक, पगार ११ हजार, तोही कंत्राटावर. तेव्हा सगळीकडे पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची चर्चा. अधिसूचना २०११ ची होती, पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. आम्ही ती बातमी पहिल्या पानावर लावली, शुद्धलेखन तपासलं आणि कंत्राटावरच राहिलो. कळव्याला चौघीजणी एका खोलीत, माझा वाटा चार हजार. डबा, पास, मोबाईल धरून महिन्याच्या २५ तारखेला हातात काहीच नसायचं. पण मी ते अकरा हजार घेऊ शकले, कारण डोक्यावर कर्ज नव्हतं. तीन वर्षांची सगळी फी बाबांनी आंब्याच्या दोन हंगामांत भरली होती.

माझ्याच वयाची एक मैत्रीण, नावाजलेल्या महागड्या संस्थेतून आली. नऊ लाखांचं कर्ज. मुलाखतीला आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. तिची इंग्रजी आणि कॅमेऱ्यासमोरची सफाई माझ्या दुप्पट. तिला १४ हजार देऊ केले, माझ्यापेक्षा तीन जास्त. तिनं हप्त्याचा हिशेब केला आणि एका बिल्डरच्या सोशल मीडियाचं काम २४ हजारांवर धरलं. आज ती माझ्यापेक्षा चांगलं कमावते, मजेत आहे, तेव्हा तिची कीव करायचं कारण नाही. पण तिच्या वडिलांनी नऊ लाख काढले होते ते ती बातमीदार व्हावी म्हणून.

फी जास्त म्हणजे फक्त खर्च जास्त असं नसतं, दादा. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत कुठलं काम घेणं परवडेल, तेही फीच ठरवते. गावच्या पाणंदीवर बातमी करणारी पोरगी असेल तर तिला ती दोन-तीन वर्षं कमी पगारात काढायला मोकळीक हवी. पुण्याच्या स्टुडिओत बसून ती नेमकी तीच गमावेल.

आता पदवीनं मला काय दिलं? माध्यम कायदा, म्हणजे अब्रुनुकसानी कशी होते आणि कशी टाळायची, ते डेस्कवर रोज लागलं. ठरल्या वेळी मजकूर द्यायची सवय लागली. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या वर्षापासूनची इंटर्नशिप. कॉलेज साडेबाराला सुटायचं, दोनला मी परळला एका वाहिनीत. पैसे शून्य, चहा फुकट. बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) कापणं, टिकर (पडद्याखालची पट्टी) लिहिणं, रात्री पोलीस ठाण्यांना फोन लावून "काही विशेष?" विचारणं. हे मुंबईत होतं, कारण ऑफिसं लोकलच्या अंतरावर असतात. पुढे नोकरीच्या वेळी माझे टक्के कुणी विचारले नाहीत, काय छापून आलंय ते विचारलं.

वाईटही सांगते. साठ मुलांत एकच कॅमेरा. निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, बाहेर काम आलं की गायब. पुस्तकं इंग्रजी. पहिलं सेमिस्टर मी वर्गात तोंडच उघडलं नाही. शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात असं निवडायचं होतं, तेव्हा ६१ पैकी आम्ही १४ जण पत्रकारितेला. उरलेले जाहिरातीत, आणि पगाराच्या बाबतीत ते शहाणे निघाले. कॉपीरायटिंगवाले आमच्या दीडपट घेत होते.

आणि पदवीचा कागद म्हणून उपयोग? सरकारी माहिती खात्याच्या पदांना पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात. बाकी खाजगीत कागदाला फारसं कुणी विचारत नाही.

मी आता एका औषध कंपनीत अंतर्गत संपर्काचं काम बघते. बातमीदारी सोडली. त्याचं कारण पगार नव्हता, रात्रपाळी होती. तो विषय वेगळा.

---

निवृत्त_शाखाधिकारी

वरच्या ताईंनी हप्त्याचा उल्लेख केला, मी आकडा मांडतो. उभं आयुष्य हेच केलं.

धरा, साडेअकरापैकी दहा लाख कर्ज. तीन वर्षांत तीन समान हप्त्यांत उचल, व्याज साडेदहा टक्के. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. पहिल्या उचलीवर चार वर्षं, दुसरीवर तीन, तिसरीवर दोन. सरळ व्याज धरलं तरी तीन लाख पंधरा हजार. म्हणजे मुलगी पहिला हप्ता भरायला बसेल तेव्हा दहाचे तेरा लाख पंधरा हजार झालेले असतील. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे १७,७५० रुपये. एवढाच पहिला पगार मिळाला तर खायचं काय, हा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक साधारणपणे तारण मागते. तुमच्या बाबतीत घर नाहीतर छापखाना. प्रवेशाच्या गडबडीत लोक तिथं सही करून मोकळे होतात.

संस्था पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते बघा. योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. यादीतली संस्था आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला शिकण्याच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट आहे. समुपदेशक मॅडमना हे नेमकं विचारा, 'असिस्टन्स' करतील. आयकरात कलम ८०ई खाली व्याजाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, आणि १८ हजार पगारावर कर बसतो कुठं?

---

सदाशिवपेठी

तिसऱ्या पर्यायाकडे कुणी बघायलाच तयार नाही! कराडला बी.ए. करा, राज्यशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र घेऊन. तीन वर्षं व्हिडिओ चालू ठेवा. मग फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे, नाहीतर आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) अमरावती केंद्र. तिथं मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. बातमीदाराला जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचता आला पाहिजे, कॅमेरा आठवड्यात येतो.

---

डेस्कवरून_सुटका

@सदाशिवपेठी, तत्त्वतः मान्य. पण अठराव्या वर्षी घराबाहेर पडायची संधी आलेल्या मुलीला "आणखी तीन वर्षं घरीच बस" सांगणं सोपं असतं, ऐकणं नाही. मी चिपळुणात राहिले असते तर तिसऱ्या वर्षी लग्नाचं बघायला लागले असते. (कराडची मंडळी तशी नसतील, मला माझ्या आत्या माहीत आहेत.)

---

छापखानेवाला_कराड

सगळ्यांचे आभार. शाखाधिकारी साहेबांचा हिशेब कागदावर मोठ्या अक्षरात काढला आणि स्वयंपाकघरात लावला. फ्लेक्सवर काढणार होतो, हिनं नको म्हटलं.

ताई, आत्यांचं बरोबर आहे, आमच्याकडेही दोन आहेत. म्हणून तिसरा पर्याय पोरीनंच बाद केला.

गेल्या आठवड्यात दोघं कोयना एक्स्प्रेसनं कल्याणला उतरलो, बहिणीकडे मुक्काम केला आणि माटुंग्याचं कॉलेज बघितलं. स्टुडिओ आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीएवढा. मी कॅमेऱ्याची नोंदवही दाखवा म्हटलं. शिपाई आधी हसला, मग दाखवली. शेवटची नोंद मार्चची, पण त्याआधी पानंच्या पानं भरलेली. कॅमेरे तीन. एक दुरुस्तीला, एक कुणीतरी नेलेला, एक कपाटात.

पोरगी तेवढ्यात कँटीनमध्ये जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलून आली. पाचजणींपैकी चौघी कुठं ना कुठं इंटर्नशिप करतात, दोघींना प्रवासखर्च मिळतो. शिक्षकांपैकी कोण खरंच वर्गावर येतं याची नावंही घेऊन आली. हे मला ऑफिसात कुणी सांगितलं नसतं.

फॉर्म भरलाय. साडेअकरापैकी माझ्याकडे रोख तीन होते. त्यातली दीडेक लाख फी, नोंदणी धरून. बहिणीला महिन्याचे पैसे द्यायचे ठरलंय, ती नको म्हणते, मी देणार. उरलेल्यात आधी चांगला माईक घेऊन देतो. तिचे सगळे व्हिडिओ वाऱ्याच्या आवाजानं खराब झालेत, आणि ते मला आधीच कळायला हवं होतं.

आता एकच शंका. कॉलेज सकाळी साडेसातचं. डोंबिवलीला सहा-सव्वासहाला कराडच्या पोरीला गाडीत चढता येतं का, की उलटं कल्याणला जाऊन बसून यायचं? बहीण म्हणते कल्याण, भावजी म्हणतात काही गरज नाही.

---

डेस्कवरून_सुटका

भावजी बरोबर. डोंबिवलीहून सुटणारी स्लो धरायची, माटुंग्याला फास्ट थांबत नाही. तेवढ्या पहाटे बसायलाही मिळेल. दुपारी परतताना मात्र दादरला उलटं जाऊन बसू दे. आणि पासाचा सवलत फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून पहिल्याच दिवशी घ्यायला सांगा, नंतर रांग जिन्यापर्यंत येते.