कडक भाकरी, शेंगा चटणी बाहेरगावी पाठवायचीय: अ‍ॅप, कुरिअर, सॉफ्टवेअर सुचवा

भाकरवाली: आम्ही जुळे सोलापूरचे. सासूबाई आणि शेजारच्या दोघी मिळून कडक भाकरी, शेंगा चटणी करतात. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयवर. आता पुण्या-हैदराबादहून मागणी वाढलीय आणि कोणाला काय पाठवलं ते वहीत सापडेना. वर कुरिअरवाला काट्यावरच्या वजनापेक्षा जास्तच पैसे लावतो. एक जण सॉफ्टवेअरचं वर्षाचं पॅकेज गळ्यात मारायला बघतोय. घ्यावं का? जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर नाव घालावं का?

होटगीरोडकर: ताई, पॅकेज राहू द्या, आधी टेप घेऊन खोकं मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000 असं वजन काढतात. ते आणि काट्यावरचं, यात जे जास्त त्याचे पैसे. 25 × 25 × 16 चं खोकं म्हणजे 2 किलो, मग आत सव्वा किलो भाकरी का असेना! उंची 12 केलीत की दीड किलो. भाकरी हलकी आणि ऐसपैस, चटणी जड आणि आटोपशीर. दोन्ही एकाच खोक्यात घाला. निघण्यापूर्वी काट्यावर ठेवून, टेप लावून फोटो काढा. नंतर वजनावरून वाद आला तर तोच कामी येतो.

कुरिअरवाला कुणी तरी: +1. शिपरॉकेटसारख्या, बऱ्याच कुरिअर कंपन्या एकत्र आणणाऱ्या साइटवर पिनकोड घातला की चार कंपन्यांचे दर एकदम दिसतात, लेबलही तिथंच निघतं. स्पीड पोस्टचा दरही काढून बघा. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र नकोच. घेतलं नाही की परतीचं भाडंही तुमच्याच बोडक्यावर.

दाण्याचाकूट: सॉफ्टवेअर आत्ता कशाला ओ? गुगल शीट पुरे. नाव, पिनकोड, ट्रॅकिंग नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचा बॅच नंबर. उद्या एखाद्या बरणीला खवट वास आला, तर त्या दिवशीच्या घाण्यातल्या बाकी बरण्या कुठं गेल्या ते लगेच कळलं पाहिजे. लावताना ज्याची मुदत आधी संपते ते पुढं, तेच आधी बाहेर. नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑनलाइन खाद्यविक्रीवाल्यांना सांगितलंय की, ग्राहकाच्या हातात पडताना मालाची 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. बेंगळुरूला पोचायला किती दिवस लागतात ते धरूनच तारखेचं गणित करा. एफएसएसएआयची नोंदणी आहे ना? तो 14 आकडी नंबर लेबलवर हवाच.

भाकरवाली: नोंदणी आहे. आणि अ‍ॅपचं?

नवीपेठ: ती अ‍ॅपं गरमागरम जेवणासाठी. गावातल्या गावात द्यायचं असेल तर ठीक, पण कमिशन जाऊन हातात काय उरतं ते आधी मांडा. ओएनडीसीचाही, म्हणजे सरकारी पाठबळावरच्या खुल्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या जाळ्याचाही, विचार करा. तिथं एका विक्रेता अ‍ॅपमधून माल चढवला की वेगवेगळ्या ग्राहक अ‍ॅपांत दिसतो. पण ऑर्डर आल्यावर लगेच होकार द्यावा लागतो. सासूबाई तव्यापाशी असताना फोन कोण बघणार, ते आधी घरात ठरवा.

भाकरवाली: फोन माझ्याकडं. आज खोकी मोजते. अजून एक, वाटेत भाकऱ्या मोडतात, त्याला काय करू?

होटगीरोडकर: उभ्या लावून बघा, आणि बाजूची फट कागदानं गच्च भरा. आत हलायला जागा राहिली की मोडणारच. आमच्याकडं आलेली मोडकी पाकिटं आमटीत गेली, तक्रार कुणीच केली नाही!