मदत हवी आहे: तोरणमाळची पांढरी फुलं, सफेद मुसळी की कुलू?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये शहाद्याहून तोरणमाळला गेलो होतो. उंची साधारण ११५० मीटर, त्यामुळे खाली धुळ्या-जळगावकडे जे दिसत नाही ते तिथे उतारभर फुललेलं असतं. कळलावी, तेरडा वगैरे ओळखता आले. अडलंय ते दोन फुलांपाशी.

फोटो १ ते ४ : पांढरं, सहा पाकळ्यांचं, मधे पिवळे पुंकेसर. पानं गवतासारखी पण रुंद, सगळी जमिनीलगत, आणि मधून एकच सरळ दांडा. दांड्यावर एकेका जागी दोन-तीन फुलं, खालची आधी उमललेली. काळी मुसळी नक्की नाही. तिचं फूल पिवळं असतं आणि जमिनीला टेकलेलं. म्हणजे क्लोरोफायटम (सफेद मुसळी आणि कुलू दोन्ही याच वंशातल्या), इथपर्यंत खात्री आहे. पण बोरिविलिएनम (सफेद मुसळी, १९५५ साली बोरिवलीच्या नावाने नोंदवलेली) की ट्युबरोसम (कुलू)? वाटेत भेटलेल्या पावरा या आदिवासी समाजातल्या मावशी म्हणाल्या, "भाजी आहे, कोवळी पानं खातो." त्यावरून काही ठरत नाही, पानं दोन्हींची खातात.

कंद पाहिले तर लगेच कळेल, हे ठाऊक आहे. मुसळीचे कंद बुडालाच झुबक्याने येतात, कुलूचे लांब मुळांच्या टोकाला लोंबतात. पण मला ते रोप उपटायचं नाही. मुळांना बाजारात भाव आहे म्हणून रानातली मुसळी आधीच इतकी खणली गेली आहे, की नाव कळावं म्हणून आणखी एक काढणं मनाला पटत नाही. म्हणून विचारतोय: नुसत्या फुलावरून, परागकोश आणि त्याखालचा तंतू यांच्या लांबीवरून, किंवा पुढे धरणाऱ्या बोंडावरून ओळख पटते का? फोटो ३ मोठा करून बघा, पुंकेसर स्पष्ट आलेत.

फोटो ५ : पिवळं फूल, वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके. कवल्यापैकी आहे हे उघड आहे, जात हवी आहे. बाह्यदलांवरच्या शिरा मला समांतर वाटतात, जाळीदार नाहीत. बोट लावलं की पानं मिटत होती.

पुढच्या रविवारी परत जातोय. कुठला भाग जवळून टिपायचा ते आधी सांगितलंत तर तसेच फोटो काढून इथे टाकतो. सातपुड्यात, यावल-पालकडे फिरणाऱ्यांनी तिकडे ही पांढरी फुलं पाहिली असतील तर तेही जरूर कळवा.