वस्तू हलत नाही, मग फ्लॅश कशाला?

गोदाकाठ (पैठण)
प्रॉडक्ट फोटोग्राफी सुरू करणाऱ्याला जो तो एकच सांगतो, दोन फ्लॅश घे. लग्नाची कामं करायची तर घ्या की. पण पैठणी, हिमरू शाल, बिदरीचं भांडं यांना काय, पापणी लवते का? ट्रायपॉड लावा, कॅमेऱ्यात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं भोक लहान), शटर पाव सेकंद उघडं. ६० वॅटचा एलईडी अन् एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), भागतं.

बिदरी टिपून बघा म्हणजे कळेल. जस्त-तांब्याचा काळा केलेला धातू, त्यात चांदीची नक्षी. चांदी उजळायची तर तिच्यात पांढरं काहीतरी दिसायला लागतं, अन् काळं मात्र काळंच राहायला पाहिजे. एलईडीसारखा सतत जळणारा दिवा, म्हणजे कंटिन्युअस लाइट, असला की थर्माकोलचा तुकडा बोटभर सरकवला तरी नक्षीवरची चमक कुठं गेली ते समोर दिसतं. फ्लॅशमध्ये काय? सरकव, क्लिक कर, स्क्रीन बघ, परत सरकव. स्वस्त फ्लॅशचा मॉडेलिंग दिवा (फ्लॅश मारण्याआधी उजेड कुठं पडेल ते दाखवणारा) तर देवघरातल्या समईएवढा.

जालन्याचा स्टुडिओ
पाव सेकंद! मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत या, पंखा बंद करून पैठणी टिपून दाखवा. पंखा लावला की पदर हलतो, गोंडे हलतात, फोटो पुसट. शिवाय तुमच्या दिव्याला खोली अंधारी लागते. खिडकी बंद, ट्यूबलाइट बंद, म्हणजे भट्टीच. मी शटर १/१६० सेकंदावर ठेवून फ्लॅश मारतो. ट्यूबचा उजेड फोटोत उतरतच नाही, अन् पंखा डोक्यावर गरगर फिरतो. हलणारा पदरही जागच्या जागी थिजतो.

लातूरकर
तुम्ही दोघं घामावर अन् चमकेवर भांडा, रंगाचं कोण बघणार? दुकानदारानं मला 'सीआरआय ९५' (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) म्हणून एलईडी दिला. कुंकवाच्या रंगाची साडी फोटोत विटकरी आली, दुरुस्त करता करता जरीचा रंग बिघडला, अन् गिऱ्हाइकानं साडी परत पाठवली. नंतर कळलं, तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा, आर ९. घेताना तो विचारा; दुकानदार गप्प बसला तर दिवा तिथंच ठेवून या. फ्लॅशच्या झेनॉन नळीत ही भानगड नाही.

नांदेडहून
लई सोपं आहे. हॅलोजन घ्या. लाल रंग त्याच्यासारखा कुणी दाखवत नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरं दाखवणारी सेटिंग) ३२०० केल्व्हिन, विषय संपला.

गोदाकाठ (पैठण)
@नांदेडहून, ५०० वॅटच्या हॅलोजनखाली मी कुंथलगिरीचे पेढे ठेवले होते. दहा मिनिटांत तूप सुटलं, पेढ्याला घाम फुटल्यासारखा. फोटो नाही झाला, पेढे तेवढे संपले.

@लातूरकर, आर ९ चं शंभर टक्के खरं. म्हणून मी घरगुती बल्ब वापरतच नाही.

जालन्याचा स्टुडिओ
घरगुती बल्ब लुकलुकतात, तेही सांगा.

गोदाकाठ (पैठण)
सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. १/५०० सेकंदाच्या शटरला फोटोत पट्टे येतील. पाव सेकंदात अशा २५ लुकलुका मावतात, पट्टा कुठून येणार? त्यातही संथ शटर माझ्याच बाजूनं आहे. लाइट गेली तरी माझा दिवा बॅटरीवर चालतो.

जालन्याचा स्टुडिओ
बॅटरी माझ्या फ्लॅशलाही आहे. पंख्याचं उत्तर आलं नाही.

गोदाकाठ (पैठण)
पंख्याचं मान्य. लोंबत्या पदराला मीही आता उन्हाळ्यात पहाटे पाचला उठतो. पण बिदरी, तांब्याचा तांब्या, काचेची बरणी, यांना वारा काय करणार? तिथं मी फ्लॅश लावणार नाही.

लातूरकर
म्हणजे घडी घातलेली पैठणी एलईडीवर, लोंबती फ्लॅशवर. मी एकच घेऊ शकतो, अन् माझ्याकडं दोन्ही येतात.

जालन्याचा स्टुडिओ
घड्याच जास्त येतात का?

लातूरकर
दहातल्या आठ.

जालन्याचा स्टुडिओ
मग दिवाच घ्या. उरलेल्या दोन घेऊन जालन्याला या, पंखा चालू ठेवतो.