सहाव्या कोड्याचे उत्तर ग्रुपवर का आले?

बी-302: नमस्कार. काल रात्री या ग्रुपवर आपल्या सर्वांच्या कोड्यांच्या गोष्टीच्या पुस्तकातल्या सहाव्या कोड्याच्या उत्तराचा फोटो टाकण्यात आला, त्याचे मला फार वाईट वाटले आहे. आमच्याकडे तीन दिवस जेवणे आटोपली की आम्ही दोघे, सासूबाई आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा असे चौघे त्या एकाच पानाभोवती बसत होतो. एरवी साडेनऊला झोपणाऱ्या सासूबाई अकरापर्यंत जागल्या. मुलाने उत्तर माझ्या मोबाइलवर पाहिले आणि काही न बोलता पुस्तक मिटून ठेवले.

ए-101: चवथीच्या उरलेल्या वर्गणीतून घेतलेले पुस्तक सात दिवसांत क्लबहाऊसच्या कपाटात परत ठेवायचे, असे सर्वानुमते ठरले होते. बी-302 कडे ते अकरा दिवस आहे.

बी-302: काका, पावसामुळे त्यातल्या दोन रात्री वीज नव्हती, हे आपल्यालाही ठाऊक आहे. शिवाय माझी तक्रार दिवसांची नाही.

ए-303: फोटो मी टाकला. कोडे सुटल्याशिवाय गोष्टीतल्या भावंडांना पुढच्या खोलीत जाता येत नाही आणि आमची मुलगी मागच्या आठवड्यात त्याच पानावर रडकुंडीला आली होती. इतर मुलांवर तशी वेळ येऊ नये, एवढाच माझा हेतू होता. वहिनींना वाईट वाटले असेल तर मी क्षमा मागतो. परंतु पेनाने समासात उत्तरे लिहिणारा मी नव्हे, हेही नोंदवून ठेवतो.

सी-204: समासातल्या उत्तरांचे नंतर पाहू. कोडे अडले की मुलांना खूण द्यावी, उत्तर देऊ नये, असे माझे शिक्षिका म्हणून मत आहे. दुसऱ्या कोड्यात प्रत्येक अक्षर वर्णमालेत तीन घरे पुढे सरकवलेले आहे. ज्युलियस सीझर याच रीतीने निरोप पाठवत असे. ज्या मुलाला कखगघ क्रमाने म्हणता येते, त्याला एवढी खूण पुरते.

ए-303: बाई, आमची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे आणि तिला तो क्रम येत नाही, हे सर्वांसमोर सुचवण्याची आवश्यकता नव्हती.

सी-204: मी कोणत्याही मुलीचे नाव घेतलेले नाही. तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. मी तिला कटपयादीही शिकवीन, ज्यात अक्षरांचे अंक होतात आणि ते उजवीकडून वाचायचे असतात. ज म्हणजे 8, य म्हणजे 1. म्हणून ‘जय’ हे महाभारताचे जुने नाव 18 होते, आणि पर्वेही अठराच आहेत. चौथ्या कोड्यातली पेटी याच रीतीने उघडते.

ए-101: पुस्तक सात दिवसांत कपाटात परत यावे.

बी-102: मी पोर्तुगीज काळात मराठी शाळेत शिकलो, अशी पुस्तके तेव्हा आमच्या हाती आली नाहीत, म्हणून हे मी दोनदा वाचले. सहाव्या कोड्याचे उत्तर आता फुटलेच आहे, तर रीत सांगतो. कोणते चिन्ह किती वेळा येते, ते मी मोजले. ही मोजणी नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानांनी लिहून ठेवली होती. मग माझ्या लक्षात आले की बहुतेक वाक्यांच्या शेवटी तीच दोन चिन्हे येतात, आणि मराठी वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा काय येते ते सांगायला नको. ‘आहे’ सापडले आणि बाकीची अक्षरे एकामागून एक हाती येत गेली. तो अर्धा तास मी कोणालाही दिला नसता.

बी-302: आजोबा, मला हेच म्हणायचे होते. आमच्याकडे चिन्हांची मोजणी मुलगा करत होता, नकाशा त्याचे बाबा लावत होते आणि वर्णमालेला सासूबाई होत्या. एकट्या कोणाला ते पान सुटले नसते.

ए-303: हे मला आधी कळायला हवे होते. फोटो मी काढून टाकला आहे. गुरुवारी मी पणजीला जाणार आहे, तेव्हा पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दुसऱ्या प्रतीची चौकशी करून येतो.

ए-101: पुस्तक सात दिवसांत परत यावे, हे मी पुन्हा लिहितो. रविवारी वाळपईहून माझा नातू येणार आहे आणि त्याला ते पहिल्या पानापासून वाचायचे आहे.

बी-302: काका, हे आपण आधी सांगितले असते तर मी कालच पुस्तक पोहोचवले असते. मुलाने आज सातवे कोडे उघडले आहे. शनिवारपर्यंत आमचे वाचून होईल. समासातली उत्तरे तो कागदाच्या पट्ट्या लावून झाकतो आहे. नातवाने पुस्तक कुठे शोधायचे, ते त्याने चिठ्ठीवर लिहिले आहे आणि दुसऱ्या कोड्याची रीत वापरावी, असे सांगितले आहे: घभाढ.