बारा मुलाखती झाल्या की संपलं का सगळं?

खानापूरकर: काल इथं एकाने लिहिलं की गुणात्मक संशोधनाचं, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावरनं अभ्यास करायचं, भविष्य ठरलंय, बारा मुलाखती घ्या, एआयला द्या, संध्याकाळपर्यंत थीम्स, म्हणजे बोलण्यातले मुख्य धागे, तयार. वाचून डोकंच उठलं. तो बाराचा आकडा आला कुठनं ते तरी बघा की ओ. गेस्ट, बन्स, जॉन्सन या संशोधकांचा 2006 चा अभ्यास, घाना आणि नायजेरियातल्या साठ बायकांच्या मुलाखती, त्यातल्या बाराव्यापर्यंत बहुतेक कोड, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना दिलेली नावं, येऊन गेले. गट एकसारखा, प्रश्न ठरलेले, म्हणून बारा. आमच्या एका गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू घरं, तिथं कसले बारा? आणि थीम काढायची पद्धत मांडणाऱ्या ब्रॉन-क्लार्कचं नाव सगळे छापतात, पण थीम आपोआप वर येत नाही, ती संशोधक घडवतो, हे त्या दोघी सांगून दमल्या, ते कोण वाचतंय?

आकडेवाला: घडवतो म्हणजे मनाचंच ना? दोघांना एकच टेप द्या, दोन उत्तरं येतील. मग जर्नलवाले असले लेख नाकारतात त्यात त्यांचं काय चुकलं?

निपाणीची लेक: नाकारतात म्हणूनच 2016 मध्ये 76 जणांनी बीएमजे या वैद्यकीय जर्नलला पत्र लिहिलं होतं. आणि टेपचं म्हणताय तर ऐका. बिडी वळणारी एक मावशी मांडीवर सूप घेऊन बोलत होती, बोट कुठं थांबत नव्हतं. छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्या, किती काढतात विचारलं आणि दारातनं कारखान्याचा माणूस गेला. हात चालू, तोंड बंद. टेपवर नुसता पानांचा आवाज. त्याला तुमचं मशीन कोड काय देणार?

टिळकवाडी: टेपचं एवढं कौतुक नको. आपल्याच कर्नाटकातले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, 1970 ला स्टॅनफर्डच्या आगीत त्यांच्या एका गावाच्या अभ्यासाच्या नोट्स जळाल्या, आठवणीतनं पुस्तक लिहिलं, 1976 ला आलं.

खानापूरकर: पण ते आधी 1948 ला त्या गावात जाऊन राहिले होते! आता लोक दुपारी येऊन चारच्या बसनं परत जातात.

ट्रान्स्क्रिप्टवाली: तुमचं चालू दे, पण टाइप कोण करतं ते एकानेही काढलं नाही. तासाच्या टेपला माझा अख्खा दिवस जातो, बाई अर्धं वाक्य मराठीत बोलते, अर्धं कन्नडमध्ये, मागे मिक्सर चालू. एका बाहेरच्या टीमने सात महिने पैसे लटकवले आणि रिपोर्टात माझं नावही नाही.

आकडेवाला: हेच तर! हे काम मशीनला द्या म्हणतोय.

ट्रान्स्क्रिप्टवाली: देऊन बघितलं. कन्नड शब्द आला की ते मनाचंच काहीतरी लिहितं, आणि तपासायला परत मीच, आता निम्म्या रेटने. खानापूरकर, तुम्ही एवढे तळमळीने लिहिता, तुमच्या ग्रँटमध्ये टायपिंगला किती ठेवलेत?

खानापूरकर: ताई, विषय भलतीकडे नेऊ नका.

निपाणीची लेक: भलतीकडे कसा? ऐकणाऱ्याला पगार नाही तर ऐकणार कोण? उत्तर द्या की.

आकडेवाला: एक मान्य करतो, त्या मावशीची गोष्ट माझ्या सर्व्हेत आली नसती. छाट नाही असं तिनं टिक केलं असतं आणि मी ते मोजलं असतं. पण अशा गप्प बसणाऱ्या किती ते मोजावंच लागेल, त्यावरनं मी हटणार नाही.

निपाणीची लेक: मोजा की, कोण नको म्हणतंय. पण आधी कारखान्याचा माणूस घरी गेल्यावर या.

ट्रान्स्क्रिप्टवाली: खानापूरकरांचं उत्तर अजून आलं नाही.