आईचे लग्न सोळाव्या वर्षी झाले असेल, तर मुलांनी त्याकडे कसे पाहावे?

प्रश्न (नाशिकरोड)

माझ्या आईचे लग्न १९९४ साली, तिच्या सोळाव्या वर्षी झाले. मुलीसाठी अठरा वर्षांची अट १९७८ च्या दुरुस्तीनेच आली होती, तरी सिन्नर तालुक्यातील तिच्या माहेरी तेव्हा कोणी वय विचारले नाही. आता अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मामेबहिणीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे आणि मी हरकत घेतली की सगळे आईकडे बोट दाखवून म्हणतात, "हिचे काय वाईट झाले?" आई गप्प बसते. विरोध करावा तर तिच्या संसारालाच नावे ठेवल्यासारखे होते. ज्यांच्या आईचे लग्न असेच लवकर झाले, त्यांना काय वाटते?

उत्तर (निफाड)

माझी आई सतराव्या वर्षी या घरात आली. खरे सांगायचे तर मुलगा म्हणून मला त्यात काही खटकलेच नव्हते, कारण त्या लग्नाचा सगळा फायदा मलाच मिळाला होता: द्राक्षबागेच्या छाटणीपासून माझ्या डब्यापर्यंत सर्व काही करणारी, तरुण आणि न थकणारी आई. "माझे वाईट झाले" असे ती आजही म्हणत नाही. मात्र बहीण दहावीला असताना आलेली दोन्ही स्थळे आजीचा रोष पत्करून तिनेच परत पाठवली. बहिणीला त्याचा अर्थ तेव्हाच कळला, मला फार उशिरा. तुमच्या आईला चार पुरुषांच्या बैठकीत विचारू नका, एकटीला विचारा.

उत्तर (पेठ, शिक्षिका)

आईच्या संसाराचा निकाल लावण्याची गरजच नाही. प्रश्न अकरावीतील मुलीचा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असे लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हेच प्रतिबंध अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर लग्नाआधीही कळवता येते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले.

केवळ कायदा सांगून पालक ऐकत नाहीत, हेही मी पाहिले आहे. दहावीनंतर कॉलेज लांब असते, एसटी वेळेवर नसते, हंगामात आईवडील कामासाठी बाहेरगावी जातात आणि मागे राहिलेल्या मुलीची काळजी वाटते; त्यात वय आणि शिक्षण वाढले की हुंडाही वाढेल, ही भीती असतेच (हुंडा घेणेही गुन्हा आहे, पण तो विषय बैठकीत कोणी काढत नाही). म्हणून मामांना "लग्न करू नका" एवढेच न सांगता मुलगी कोठे राहील आणि कशी शिकेल, हेही सांगावे लागेल.

उत्तर (सटाणा)

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझ्या आईचेही लग्न लवकर झाले, आणि लोक तिच्याकडे कीव करून पाहतात, याचा मला संताप येतो. तिने आम्ही मोठे झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण केले. मात्र पदवीचा निकाल लागला त्या दिवशी "हे विसाव्या वर्षी झाले असते तर" असे वाक्य तिने अर्धेच सोडले होते. कीव नको आणि गौरवही नको. तिच्या नशिबाला पुरावा म्हणून वापरणे तर मुळीच नको.

प्रश्नकर्ती

आईला एकटीला विचारले. ती म्हणाली, "माझे चांगले झाले ते तुझ्या बाबांच्या स्वभावामुळे. त्या पोरीला तसाच नवरा मिळेल, याची हमी दादा देणार आहे का?" रविवारी ती स्वतः मामाशी बोलणार आहे. बारावीनंतर बहिणीला शिकण्यासाठी आमच्याकडे ठेवण्यास बाबांची हरकत नाही. बाई, तुम्ही दिलेला क्रमांक लिहून ठेवला आहे. मामाने ऐकले नाही तर ग्रामसेवकांना आधी भेटावे की थेट फोन करावा, एवढे सांगाल का?